तिसऱ्या रांगेत, डावीकडे

बाबांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं काढली
तेव्हा आईने एवढंच विचारलं,
"बिजागऱ्या तरी ठेवणार ना?"
बर्चचं प्लाय, अठरा मिलिमीटर,
इतकं सरळ आता मिळत नाही, म्हणाले.
त्या हिवाळ्यापासून आमच्या बश्या उघड्यावर
आणि दारांचे झाले दोन खोके,
आत मावशीच्या कसर लागलेल्या हातमोज्यांची लोकर.

रीगा. केंगारागसचा पाचवा मजला. खाली डौगावा गोठलेली.
ट्राम डेपोतून सहाला येत, जेवत,
मेणकापड सरकवून
सोल्डरिंगचं हत्यार तापत ठेवत.
टोकाला कल्हई. राळेचा धूर.
वासावरून कळायचं मला, आज किती डाग झाले.
"डाग चकाकला पाहिजे," ते म्हणत.
"मळकट दिसला की समज, आत काही धरलेलंच नाही,
नुसतं चिकटून बसलंय."
हे ते तारेबद्दल बोलत होते.
आई पाठमोरी भांडी घासत होती.

अँप्लिफायर गुणगुणायचा.
ट्रान्सफॉर्मर जुन्या टीव्हीतला;
तो उभा केला, आडवा केला,
हेरिंगच्या डब्याच्या पत्र्यात गुंडाळला,
सगळ्या काळ्या तारा आणून एकाच स्क्रूला बांधल्या.
गुणगुण गेली नाही.
रात्री ती नळातूनही यायची,
किंवा मला तसं वाटायचं.

तपासायला कॅसेट एकच.
आमच्या शाळेचा कॉयर, वसंतातला कार्यक्रम.
नवा कंडेन्सर बसला की तीच,
एक रेझिस्टर बदलला की तीच.
"खालचे आवाज दबतायत."
"दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास ऐकलास?"
"आता तू जरा पुढे आलीस."
"आता नाकात गातेस. ट्वीटरचा दोष, तुझा नाही."
गाणं कशाबद्दल आहे, हे त्यांना विचारू नये.
खुर्चीच्या चार पायांच्या खडूने खुणा,
बसायचं ते तिथेच, बोटभर इकडेतिकडे नाही.

मग मी आयर्लंडला गेले, अळिंबीच्या शेडमध्ये.
फोनवर सगळे हवा सांगतात,
बाबा व्होल्ट सांगायचे.

या डिसेंबरात दारातच म्हणाले,
कोट नंतर काढ.
खुणांवर बसवलं.
स्विच.
काही नाही.
म्हणजे खरोखरच काही नाही:
खालच्या मजल्यावर कुणी कप ढवळत होतं, ते ऐकू आलं.
मग ते सभागृह उघडलं.
खुर्च्या. कुणाचा खोकला.
बाईंची छडी स्टँडवर दोनदा,
चाळीस मुलींचा मिळून एक श्वास,
आणि गाणं.
बाबांनी हवेत बोट ठेवलं,
माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर,
नकाशावर गाव दाखवावं तसं.
"ही तू."

खोटं चाललं असतं, आजवर चाललंच होतं.
पण त्या खोलीत आता लपायला
गुणगुणसुद्धा उरली नव्हती.
म्हणाले, घसा बसला होता माझा त्या दिवशी.
बाई म्हणाल्या, नुसते ओठ हलव.
मी नाहीच त्यात, बाबा.

त्यांनी टेप थांबवली नाही.
कडवं संपेपर्यंत बोट तसंच.
"मग ही कोण?"
"रस्मा. शेवटच्या बसथांब्याजवळ राहायची."
"रस्मा," ते म्हणाले,
हाताला नवा लागलेला सुटा भाग वाचावा तसे.
"चांगली गाते."
मग, "आणि तू?"
"तिच्या उजवीकडे."

कॅसेट मागे नेली.
आवाज वाढवला, अजून थोडा,
बोट हवेतच वीतभर उजवीकडे सरकवलं.
"ओठ हलवलेस," ते म्हणाले,
"पण श्वास तर घेतला असशील?"
घेतला असेल, मी म्हणाले.
"श्श," म्हणाले,
"दुसऱ्या कडव्याआधी. थांब."