दोन बटणं

रबाळ्याच्या एमआयडीसीत, आर ब्लॉकमध्ये,
गेटवरच्या पाटीचा रंग अजून ओला होता.
'सुरक्षा प्रथम'मधल्या 'प्र'चा ओघळ
खालच्या तुळशीच्या डब्यापर्यंत आलेला.
तुळस मात्र जुनी, धुळीनं राखाडी.
म्हणजे मी येणार हे काल रात्रीच कळलं होतं.
'अचानक तपासणी' असं माझ्या फायलीवर लिहिलेलं.

मढवी सुपरवायझर पुढे, मी मागे.
हेल्मेटांवर प्लास्टिक तसंच, किमतीच्या चिठ्ठीसकट.
प्रथमोपचार पेटीची किल्ली शेटच्या गाडीत,
आणि शेट भिवंडीला.
शेवटी पान्यानं उचकटली.
आयोडिनची बाटली, तळाशी गंजासारखं काहीतरी,
कापूस, आणि अर्धा किलो साखर.
"बाहेर मुंग्या लागतात," मढवी म्हणाला,
सकाळपासून पहिल्यांदा खरं बोलला.

अग्निशामक तेरा. त्यातले चार रिकामे,
एकावर कुणाचा तरी पंचा वाळत.
डोळे धुवायच्या नळातून आधी झुरळ आलं,
मग हवा, मग फार वेळानं पाणी.
घड्याळ लावून मोजलं : एक्केचाळीस सेकंद.
आम्लाला एवढा धीर नसतो.
हे लिहिलं नाही. लिहिलं,
'दुरुस्ती आवश्यक. मुदत सात दिवस.'
वीस वर्षांत माझं मराठी असं झालंय.

मग प्रेस शॉप.
पायाखालची लादी दर दोन सेकंदांनी दचकत होती.

नियम साधा आहे.
दोन बटणं, हातभर अंतरावर.
दोन्ही एकदम दाबली तरच घण खाली येतो,
म्हणजे घण येताना हात बटणांवर, डायमध्ये नाहीत.
सात नंबरच्या डाव्या बटणाला
सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली,
गाठीवर गाठ,
लेकीची वेणी घालावी इतक्या निगुतीनं.

"हे कुणी केलं?"
सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं.

मग विश्वंभर गायके बोलला, सात नंबरवाला,
गाव कळंबकडचं :
"अठराशे नगांवर हजेरी हाय, मॅडम.
दोन्ही हात बटनाला गुतले
तर पत्रा कोन सरकवायचा?"
आवाजात तक्रार नव्हती.
गणित घालावं तसं घातलं त्यानं,
आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

माझ्याकडे रकाने : अनुक्रमांक, त्रुटी, कलम, मुदत, शेरा.

मी सात नंबर बंद करायला लावला.
दणका थांबला तेव्हा
पलीकडे पॅकिंगमधून कौतिकाबाईचा खोकला ऐकू आला.
बहुतेक तो आधीपासूनच चालू होता.

"मशीन बंद, मंग माझी आजची हजेरी?"
शेऱ्याच्या रकान्यात जागा संपली होती.
समासात आडवं लिहिलं :
'कामगाराचा रोज कापू नये.'
मढवीनं ते उलट्या बाजूनं वाचलं
आणि छताकडे बघितलं.
समासात लिहिलेलं कितपत धरतात
हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

ट्यूबची पट्टी पाकिटात घातली. पुरावा.
हाताला रबराचा वास राहिला.

साक्षीदार म्हणून सही करताना
विश्वंभरचं पेन निसटत होतं.
उजवी तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपलेली.
"ही हितली न्हाई," तो घाईनं म्हणाला,
शेटला सांभाळून घ्यावं तसं.
"ही वागळे इस्टेटची. सोळा नंबर रोड.
कपाटांचा कारखाना व्हता."

सोळा नंबर रोड सहा वर्षं माझ्याकडे होता.
कपाटवाल्यांकडे चहात आलं असायचं.
रजिस्टर नीटनेटकं, बारा महिने एकाच शाईत,
आणि मी त्यावर शिक्का मारायचे.

साल विचारायला हवं होतं.
साल विचारणं, हेच तर माझं काम.

"इथे सही," मी म्हटलं, "आणि खाली तारीख."

पेन थांबलं.
"आज कोनची, मॅडम?"