मुदत

सांगलीच्या हळद बाजारात वडिलांचं दुकान होतं.
वर्षातून एकदा सगळी वजनं पोत्यात भरून
ते वजनमापाच्या ऑफिसात न्यायचे.
पाच किलोचं, दोनाचं, पन्नास ग्रॅमचं पिवळट पितळ.
बुडाशी शिशाचा ठिपका, ठिपक्यावर सालाचा शिक्का.
एखादं खडूस गिऱ्हाईक वजन उलटं करून बघायचं.
वडिलांना ते आवडायचं.

माझ्याकडं त्रेचाळीस यंत्रं.
दूध संघाची, गावोगावच्या संकलन केंद्रांत,
फॅट मोजायच्या मशीनशेजारी, माश्यांत.
नव्यानं आत शिरताना प्रत्येक यंत्र विचारायचं:
मला ओळखत नाहीस, तरी येतेस?
आणि पुढं अक्षरांची एक लांबडी रांग,
जी ताडून बघायची असते.
दस्तगीरभाईंनी अकरा वर्षं न बघता 'हो' लिहिलं.
मी चार.

मग एक किल्ली केली, सगळ्यांवर सही करणारी.
ती अशा यंत्रात कोंडली ज्याला दुसरं कामच नाही.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
एकेक यंत्र उठतं, स्वतःची मुदत मोजतं,
दहा दिवसांच्या आत आली असेल
तर सही मागून पुढचा महिना घेऊन जातं.
मी झोपलेली असते.

दोन महिने झोपले.
मग एका सकाळी पलूस दारातच अडलं. मुदत संपलेली.
धनपालला फोनवर पडद्यावरची तारीख वाचायला लावली.
"एक जानेवारी," तो म्हणाला, आणि थांबला.
"मॅडम, एकोणीसशे सत्तर."

नाण्याएवढा सेल मेलेला. लाईट गेली, आली,
आणि तेव्हापासून पलूस रोज रात्री
इमानदारीत उठून हिशोब करत होतं:
पन्नासाच्या वर वर्षं आहेत हातात,
एवढी घाई कशाला?

माधवनगर, वसगडे. एसटी.
पर्समध्ये चाळीस रुपयांचा सेल.
केंद्राच्या फाटकावर नवा रखवालदार.
"ओळखपत्र."
दिलं. देताना दिसलं,
फोटोखालची मुदत मार्चातच संपली होती.
त्यानं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं,
माझ्या तोंडाकडं बघितलं न बघितलंसं केलं.
"जावा," म्हणाला.

सांगणार होते त्याला.
पण आत सत्तर साल चाललं होतं
आणि संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं.