विराम कापू नकोस

ला पाझमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचावर,
एका रेडिओ केंद्रात मी आवाज कापतो.
खोकला, कागदांची सळसळ, खुर्चीची कुरकुर,
पाहुण्यांचे 'म्हणजे' आणि 'असं बघा'.
दर गुरुवारी एर्मिनिया किस्बेर्तबाई येतात,
माजी राजदूत, आता विद्यापीठात शिकवतात.
पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं :
'एलॉय, शब्द हवे तेवढे काप.
विराम कापू नकोस.'

हसलो होतो मी.
राजदूताला पगार न बोलण्याचा,
भाष्यकाराला मानधन बोलण्याचं,
आणि बाईंची गोची अशी की
जुनी सवय सुटत नव्हती
आणि नवी अंगाला नीट बसत नव्हती.
प्रश्न आला की आधी चष्मा उतरवायच्या,
एक काडी मिटायच्या, मग दुसरी,
कडी आतून लावून घेतल्यासारखी.

सव्वीस वर्षं परराष्ट्र खात्यात.
लिमा, आसुन्सिओन, जिनिव्हा.
एका खलित्यातल्या 'आणि'चा 'किंवा' करायला म्हणे
एकोणीस दिवस बसले होते दोन देश,
शेवटी 'आणि'च राहिला.
त्या 'आणि'वर आता बाईंचं पुस्तक चाललंय.
तीनशे पानं झाली. प्रकाशक विचारतो, कधी?
तळटीपा राहिल्यात, त्या म्हणतात.
विद्यार्थ्याच्या प्रबंधात 'निःसंशय' दिसला
की खाली शिसपेन्सिलीची रेघ,
समासात एकच शब्द : कुणाला?

मार्चमध्ये त्यांना फार मागणी.
तेवीस तारखेला आमच्याकडे समुद्राचा दिवस.
जो आमच्याकडे नाही, त्या समुद्राचा.
पांढऱ्या गणवेशात आरमार चौकातून चालतं,
डोंगरात वाढलेली पोरं,
सरोवरात पोहायला शिकलेली.
लाउडस्पीकरवर समुद्रपक्षी ओरडतात,
खरी कबुतरं उडून जातात.

त्या वर्षी निवेदक नवा. रामिरो.
बाहीला इस्त्री, जिभेला धार.
त्यानं आडपडदा न ठेवता विचारलं :
'दोन्या एर्मिनिया, लिमाच्या त्या बैठकीत तुम्ही होता.
समुद्र मिळत होता का?'

एक काडी मिटली.
दुसरी.
थेट प्रक्षेपण. माझं बोट जाहिरातीच्या बटणावर.
चार. सात.
काचेपलीकडून रामिरो माझ्याकडे बघतोय.
अकरा.

'एक ओळ होती,' बाई म्हणाल्या,
'कागदी रुमालावर, पेन्सिलीनं, जेवण झाल्यावर.
मी राजधानीला तार केली.
राजधानीत त्या रात्री सरकार बदलत होतं.
उत्तर आलं नाही.
सकाळी वेटरनं टेबल आवरलं होतं.
मिळत होता का?
मला ठाऊक नाही.'

मग फोन. सगळे दिवे एकदम लागले.
ओरुरोचा एक म्हातारा : 'देशाचं मीठ खाल्लं बाईनं,
आणि मिठाला जागली नाही.'
एक मुलगी : 'इतकी वर्षं गप्प का बसलात?'
एक नुसताच रडत होता. तो मी कापला.

बाई कोटाची बटणं लावत होत्या,
एक चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
'मीठ आहे ना आपल्याकडे,' मला म्हणाल्या,
'क्षितिजापर्यंत आहे.
पाणी तेवढं नाही.'
आणि केबल कार गाठायला निघाल्या,
चष्मा टेबलावर विसरून.

ध्वनिमुद्रण साठ दिवसांनी पुसायचा नियम आहे.
ते अकरा सेकंद मी घरी आणले.
माझी लेक कानाला लावते,
म्हणते, बाबा, समुद्र ऐकू येतोय.
वेडी.
हीटर आहे तो, स्टुडिओतला.
समुद्र कसा वाजतो, मला ठाऊक नाही.
हीटर ठाऊक आहे,
दोनदा मीच दुरुस्त केलाय.