ओला कागद

डिसेंबरात पुन्ता अरेनासला रात्र अशी होतच नाही.
रात्रशाळा मात्र भरते.
साडेनऊला तिरपं ऊन फळ्यावर पडतं
आणि मी लिहिलेलं कुणालाच वाचता येत नाही.
तसं आज वाचण्यासारखं काही लिहिलंही नव्हतं,
एवढंच : पुस्तकं परत करा.

बावीस दिली होती. एकोणीस आली.
रोसामेल मेंढ्या कातरायला गेला तो पुस्तकासकट.
जाताना म्हणाला, शेवटची साठ पानं राहिलीत बाई,
नायक मरतो का तेवढं सांगू नका.
मी सांगितलं नाही. तोही आला नाही.
उरलेल्या दोहोंचा पत्ता नाही;
त्यांच्यापुढे वहीत 'जीर्ण' असं लिहून टाकलं.

शेवटच्या तासाला काय शिकवायचं असतं?
मार्चपासून आम्ही उपमा सोलल्या,
निवेदक खोटं बोलतोय का यावरून
नोल्फा आणि येर्को इतके कडाडून भांडले
की महिनाभर एका बाकावर बसले नाहीत.
ऑगस्टपासून एका घरात राहतात.
असो.
एदेलमिरानं एम्पनादा आणल्या होत्या,
टॉवेलात गुंडाळून, अजून गरम.
खिडक्या वाऱ्यानं थडथडत होत्या
आणि कुणी भाषण केलं नाही, हे बरं झालं.

बेलार्मिनो खेकड्यांच्या कारखान्यात कवचं फोडतो.
वर्षभर मागचा बाक, हात टेबलाखाली.
बोटांना वास येतो म्हणून, हे त्यानं कधी सांगितलं नाही,
मला कळायला ऑक्टोबर उजाडला.
तोंडी परीक्षेत विचारलं, लेखिकेला इथे काय सुचवायचंय?
म्हणाला, तिलाच विचारायला हवं.
सातपैकी चार दिले. काठावर.

सगळे गेल्यावर खोडरबर घेऊन बसले.
नियमच आहे, पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या आणि मग कपाट.
पुसत गेले : 'सुंदर!', 'हे परीक्षेला येणार', 'आईला फोन',
एक मांजर, शेपटी पुढच्या पानावर गेलेली,
एका अख्ख्या प्रकरणाच्या कडेनं विजेच्या बिलाचा हिशेब.

पान एकशे बारा.
पुरातून वाचवलेली पत्रं नायिका
त्याच रात्री शेगडीत टाकते आणि ती भडकन पेटतात.
इथे दरवर्षी माझा आवाज भरून येतो.
अकरा वर्षं, न चुकता.
समासात, गिरवल्यासारख्या अक्षरांत :
'ओला कागद असा जळत नाही. आधी धूर. मग डोळे.'

मग डोळे.

खोली झाडली, ताटल्या विसळल्या, तरी ते जाईना.
शेवटी हजेरीपत्रकातलं मार्चचं पान फाडलं
(तेव्हा सगळेच येत होते),
नळाखाली धरलं
आणि शिपायाच्या खोलीतल्या शेगडीत टाकलं.
काही झालं नाही. नुसती फसफस.
एक कडा पिवळी पडली, विचार केल्यासारखी थांबली,
मग धूर, जाड, ओशट,
धुराड्यातून वाऱ्यानं परत आत ढकललेला,
आणि दोन इग्नासियो धावत आले, काय जळतंय बाई?
काहीच जळत नाहीये, म्हटलं,
तोच तर मुद्दा आहे.

सव्वादहाच्या उजेडात डोळे पुसत
चाराचे पाच केले. मग साडेपाच.
सहा देणार होते,
पण हे त्यानं तोंडानं सांगायला हवं होतं, माझ्यासमोर,
हात टेबलावर ठेवून.
की हे मी माझ्यासाठीच म्हणतेय?
सहा केले.

तो समास पुसला नाही.
एकोणीस पुस्तकं कपाटात लावली,
अंगानं दाबून थोडी सरकवली
आणि एका पुस्तकापुरती फट ठेवली.
अजून सांगितलेलं नाही, रोसामेल.