ऐंशी रकाने, चोवीस ओळी

सारमानसच्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत
माझा लॅपटॉप सोंग घेऊन बसलाय.
वास्कोच्या ऑफिसातला जुना संगणक विचारतो, कोण तू?
हा बेधडक सांगतो: व्हीटी दोनशे वीस.
साफ खोटं. ते यंत्र कधीच भंगारात गेलं,
त्याच्या पेटीत कुणाच्या तरी कोंबडीनं अंडी घातली
असं आग्नेल शपथेवर सांगतो.
पण पलीकडच्याला काय त्याचं?
पेडण्याच्या काल्यात रात्री जी राणी असते
ती सकाळी मिठाच्या गोणी उचलते, हे ठाऊक असतं,
तरी तिचा वनवास आला की आपण डोळे पुसतोच.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा त्यानं
बोटाचा ठसा पुढे केला, ओळभर लांब,
आणि विचारलं, विश्वास आहे?
वास्कोच्या लोबोबाईंना फोन लावून
एकेक अक्षर ताडून घेतलं, मग म्हटलं, हो.
पासवर्ड टाकताना पडद्यावर काही उमटेना,
साधा ठिपकाही नाही.
‘कीबोर्ड मेलो?’ आग्नेल पुढे सरला.
नाही, ऐकतोय.

मग भानगडी.
चौकटीच्या आडव्या रेघा हव्या तिथे क्यू क्यू क्यू क्यू,
उभ्यांच्या जागी एक्स.
खोडायला जावं तर खोडायचं सोडून
डोक्यावर टोपी घातलेला एच उगवायचा.
दोन दुपारी गेल्या त्यात. पलीकडे टोंकाला
फेरी जाऊन परत आली, किती वेळा, मोजलं नाही.

आणि आग्नेल कुलासो, बावीस वर्षं बार्जींचा टॅली क्लार्क,
एकच विचारत राहिला:
‘बाय, भांगराची कळ खंय?’
आकड्यांच्या कोपऱ्यात असायची ती, सोनेरी;
तिच्याशिवाय त्याची बोटं पुढे जाईनात.
मी नमलॉकला तिचं काम दिलं.
त्यानं खिशातून चॉकलेटचा कागद काढला,
नखानं सपाट केला,
सोनेरी बाजू वर करून चिकटवला.
भांगर, सात, एंटर.
खाली न बघता.

बाकावर द्रौपदीबाई, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल.
नवऱ्याच्या खेपा मोजून मिळाल्या तर
कंपनीकडचे राहिलेले पैसे मिळतील.
त्यांच्या वहीत चौदाशे पंधरा रेघा,
पाच-पाचाच्या जुड्या बांधलेल्या.

पडदा सावकाश भरला, वरून खाली, हिरवा.
सगुण नाव. खेपा १४१२.

मला वाटलं माझीच खिडकी अपुरी.
ऐंशी रकान्यांचे एकशे बत्तीस केले,
अक्षरं मुंग्यांएवढी झाली,
नावेलकर काही पुरा होईना.
तिकडेच कुणी तरी रकाना
नऊ घरांचा बांधून ठेवला होता.
‘वाच गो,’ द्रौपदीबाई म्हणाल्या.
मी होतं तेवढंच वाचलं, रोमी अक्षरांतून,
आणि वाचून झाल्यावर कळलं काय वाचलं.
त्यांनी मान हलवली.
आडनावाचं त्यांना काही नव्हतं.
‘आणि तीन?’

आग्नेल कितीतरी वेळ त्या सोनेरी कळेवर
अंगठा ठेवून बसला.
‘त्या दिसांनी लायन नाशिल्ली,’ म्हणाला.
तीन दिवस तार तुटलेली, संगणक मुका.
खेपा त्यानं कागदावर लिहिल्या होत्या,
लाईन आल्यावर चढवायच्या म्हणून.

आता तो लोखंडी कपाट उपसतोय.
पावत्या, गंजलेल्या टाचण्या, कुणाचा तरी लग्नाचा कागद.
मी दर साठ सेकंदांनी वास्कोला
एक रिकामा इशारा जाईल असं लावून ठेवलंय,
त्यात काही सांगायचं नसतं;
नाहीतर तिकडे समजतात की इथे कुणी नाही,
आणि तोडून टाकतात.

द्रौपदीबाई चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्यात.
सगुण नाव,
आणि त्याच्यापुढे
एक हिरवा चौकोन, उघडझाप करत.