तिसरी तार

मे महिना. घाटंजीपासून बारा किलोमीटर आत.
कुलरचा पत्रा अंगणात तापलेला,
वाळ्याच्या ताट्या अजून कोरड्या.
देवकाबाई विचारते, "दोन तारांवर फिरते न पंखा,
मंग हे तिसरी कायले?"

प्लगची तिसरी पिन कोणीतरी कापून टाकलेली,
बोर्डात बसत नव्हती म्हणून.
गावोगाव पाहतो मी हे.

फ्यूज काढून खिशात ठेवला.
मी खाली असताना कोणी चालू करू नये;
माणसाच्या आठवणीवर मी काम करत नाही.

न्हाणीमागं छातीभर खड्डा.
तांब्याची पट्टी, वर कोळसा, मीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
"लोणचं घालता का भाऊ?" पोरगा हसतो.

मोतीराम उस्ताद सांगायचे,
पत्र्याला हात लावायचा तर पालथा.
तळहात करंटला मुठीत धरतो,
मग सोडत नाही.
त्यांचा धाकटा भाऊ असाच गेला होता.
हे ते सांगायचे नाहीत,
नुसता हात पालथा करून दाखवायचे.

फेज आणि हिरवीच्या मध्ये
शंभरचा बल्ब धरला.
भर दुपारी लख्ख पेटला.
जमीन हो म्हणाली.

आता या तारेतून काही वाहणार नाही,
आज नाही, उद्या नाही,
सगळं नीट राहिलं तर कधीच नाही.

"बाई, या खड्ड्यात रोज पाणी टाकत जा."
"काय उगवन इथं?"
"काहीच नाही."

ती जरा वेळ मिठाकडं पाहत राहिली,
मग बादली आणायला गेली.