पिवळ्याला मनाई

फेब्रुवारी अर्धा सरला की
लष्करात आम्ही पिवळं नेसत नाही.
सुतक नाही, सोवळं नाही,
एकदा डोळ्यात गेलं की माणूस आपोआप शिकतो.

माहू. पुस्तकी मराठीत मावा म्हणतात म्हणे,
पण इथे मावा मिठाईवाल्याकडे मिळतो,
म्हणून आम्हीही माहूच म्हणतो.
तिळाच्या पाव हिश्शाएवढा. हिरवा की काळा, ठरत नाही.
मोहरीच्या देठाला तोंड लावून थंडीभर पितो,
आणि शेंगा टणक झाल्या की पंख काढून
शहराकडे निघतो.
जे जे पिवळं, ते ते त्याला शेत:
शाळेची बस, रिक्षाचं टप,
हातगाडीवरची लिंबं.
फूलबागेच्या सिग्नलला सगळे स्कूटरवाले
एकदम डोळे पुसतात,
जणू एकाच घरी भेटून आलेत.

आमचं दूध बिजौलीहून येतं. पातीराम आणतो.
जानेवारीत तीन दिवस दुधाला धुराचा वास होता.
मी पातेलं त्याच्यापुढे धरलं. हे काय?
म्हणाला, "पाला पडा है, दीदी."
पडला तर झाडून टाका, मी म्हटलं.

माझ्या भाषेत पाला म्हणजे पानं,
मुळ्याची, मेथीची, गुरांपुढे टाकायची.
त्याच्या भाषेत पाला म्हणजे गोठलेलं दंव,
फुलाच्या पोटात शिरून दाणा मारणारं.
तीन रात्री त्याने बांधावर ओला पेंढा जाळला होता,
मोहरीवर धुराचं पांघरूण,
आणि पहाटे त्याच हातांनी धार काढली होती.
हे मला नंतर कळलं, त्याच्या बायकोकडून,
तूप घ्यायला गेले तेव्हा.
मी वीस रुपये कापले होते.

शाल्मलीची हळद सतरा तारखेला, गच्चीवर.
मांडव पिवळा, झेंडू पिवळा,
ग्रुपवर निरोप: सर्वांनी पिवळ्यात यावे.
मी वन्संना सांगून पाहिलं. त्या भोपाळच्या.
"किडे? कुठले किडे?"
लग्नघर. मीही पिवळंच नेसले.

चार दिवस ढग होते, पुरवाई होती.
त्या दुपारी वारा पडला, लख्ख ऊन निघालं,
आणि मुरारपलीकडची सगळी शेतं
उठून आमच्या गच्चीवर बसली.
हळद ओली. गालांवर, दंडांवर, पावलांवर
माहू चिकटत गेले,
नवरी नाही, जणू वाफाच मांडलाय पाटावर.
फोटोवाला काच पुसतोय,
वन्सं पदराने वारा घालतायत, तर पदरच भरतोय,
शाल्मली हसता हसता थुंकतेय.
सनईची रेकॉर्ड आपली चालूच.

बासुंदीचं दूध घेऊन पातीराम जिन्यावर आला.
हसला नाही.
मांडवाच्या कापडावरचा एक त्याने बोटावर घेतला,
उन्हात धरला.
"पंख आले," म्हणाला. "म्हणजे पिऊन झालं यांचं."
मी विचारलं, किती राहिली मोहरी?
"आठ आणे."
मग रिकामे कॅन मोजायला खाली गेला.

रात्री साडी बादलीत भिजवली.
पाणी आधी पिवळं झालं, मग
वर बारीक काळं तरंगायला लागलं.
दोनदा बदललं. तिसऱ्यांदा नाही.

सकाळी दाराशी वाटीखाली वीसची नोट ठेवली.
दूध आलं. झाकण काढून वास घेतला.
काही नव्हता.
पुन्हा घेतला.
नोट वाटीखाली तशीच होती,
चौकटीत घडी केलेली, एका कोपऱ्यावर
एक माहू. चालत होता.